मुबी घेतलं, पण बघायचं काय आणि कसं? जगभरातला सिनेमा ओटीटीवर बघण्याचं पायरी-पायरीने गाईड

"मुबी घेतलं, दोन सिनेमे अर्धवट बघितले, मग महिनाभर उघडलंच नाही, शेवटी बंद केलं." मुबी म्हणजे जगभरातला निवडक सिनेमा दाखवणारी ओटीटी सेवा, आणि हे तिच्याबद्दल इतक्या जणांकडून ऐकलंय की आता सगळं एका जागी नीट लिहून काढतोय. यातल्या कुणालाच सिनेमाची आवड नाही असं नाही, उलट आवड आहे म्हणूनच तर त्यांनी पैसे भरलेले असतात. घोळ होतो तो क्रमात. आधी पैसे भरायचे, मग काय बघायचं ते शोधत बसायचं, शोधता शोधता रात्रीचे अकरा वाजले की सगळ्यात गाजलेला म्हणून साडेतीन तासांचा काहीतरी लावायचा, त्यात टीव्हीच्या सेटिंगमुळे तो सिरियलसारखा दिसतोय हे लक्षातही यायचं नाही, आणि मग "हे आपल्यासाठी नाही" असं ठरवून टाकायचं.

मुबी किंवा तशीच अमेरिकेतली सेवा क्रायटेरियन चॅनेल यांचा हिशोब नेटफ्लिक्सपेक्षा वेगळा आहे. इथे सिनेमे माणसं निवडतात, मुबीवर नवे सिनेमे येत राहतात, आणि ठेवलेले सिनेमे ठराविक काळाने जातातही. त्यामुळे "कधीतरी बघू" हे इथे चालत नाही, थोडी तयारी लागते. खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा, विशेषतः पहिल्या चार तरी पैसे भरायच्या आधी.

पायरी १: तुमच्या देशात काय दिसतंय ते आधी बघा

सिनेमाचे हक्क देशानुसार वेगवेगळे विकले जातात. म्हणून पुण्यातून दिसणारं मुबी आणि टोरोंटोतून दिसणारं मुबी सारखं नसतं, तिकडच्या मावसभावाने पाठवलेला स्क्रीनशॉट बघून इथे सबस्क्रिप्शन घेतलंत तर तो सिनेमा इथे नसण्याचीच शक्यता जास्त. क्रायटेरियन चॅनेल एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालं पण ते फक्त अमेरिका आणि कॅनडात चालतं, भारतातल्या लोकांनी त्याच्या मागे वेळ घालवू नये. व्हीपीएन लावून, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवून, जुगाड करणं या सेवांच्या नियमात बसत नाही, आणि पैसे भरून झाल्यावर ते कधी चालायचं बंद होईल सांगता येत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक गोष्ट सगळ्यात आधी करावी: गावच्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड काढा आणि त्यावर कॅनोपी ही सिनेमांची सेवा मिळते का ते विचारा. मिळाली तर दर महिन्याला ठराविक सिनेमे फुकट बघता येतात, आणि त्यात क्लासिक भरपूर असतात. कितीतरी जण तिथे वर्षानुवर्षं राहून हे कार्ड काढतच नाहीत.

सावधान: मुबीच्या साईटवर एखाद्या सिनेमाचं पान सापडलं म्हणजे तो सिनेमा तिथे बघता येतो असं नाही! मुबीने जगभरच्या सिनेमांची मोठी माहितीयादी ठेवलेली आहे, त्यात न दाखवले जाणारे सिनेमेही आहेत. पोस्टर दिसलं, दिग्दर्शकाचं नाव दिसलं, लोकांनी दिलेले स्टार दिसले, पण प्ले करायचं बटण नाही. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. पान नाही, प्लेचं बटण शोधायचं.

तपासा: ज्यांचं काम बघायची खरंच इच्छा आहे असे पाच दिग्दर्शक कागदावर लिहा आणि ब्राउझरमधून एकेकाचं नाव शोधा. जस्टवॉच या साईटवर देश भारत निवडून शोधलं तर कुठला सिनेमा कुठल्या सेवेवर आहे तेही कळतं. पाचातल्या तिघांचं काही ना काही आत्ता बघण्यासारखं असेल तर पुढे जा. नसेल तर महिनाभर थांबा, सिनेमे बदलत असतातच.

पायरी २: यादी नको, धागा पकडा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे, म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

सुरुवात करणारा माणूस हमखास "जगातले १०० सर्वोत्तम सिनेमे" असं काहीतरी उघडतो आणि वरून खाली बघत सुटतो. ब्रिटनच्या साइट अँड साउंड मासिकाची दर दहा वर्षांनी होणारी निवड प्रसिद्ध आहे, २०२२ साली तिच्यात पहिला आला शांताल आकेरमन यांचा 'जान दिलमान', १९७५ चा, २०१ मिनिटांचा. एका घर चालवणाऱ्या बाईचे तीन दिवस, तिचं स्वयंपाकघर, बटाटे सोलणं, भांडी घासणं, आणि हे सगळं जितका वेळ घेतं तितका वेळ घेऊन दाखवलेलं. तो अफाट सिनेमा आहे. पण तो पहिला बघायचा सिनेमा नाही, कारण आपल्याला सिनेमात जी घाई बघायची सवय असते त्या सवयीशीच त्याचं भांडण आहे, आणि ते भांडण समजायला आधी थोडं फिरून यावं लागतं. यादीतला पहिला नंबर म्हणून तो लावणारे चाळिसाव्या मिनिटाला उठतात, आणि पुन्हा या वाटेला येत नाहीत.

शिवाय यादीतल्या सिनेमांना एकमेकांशी काही घेणंदेणं नसतं. आज जपान, उद्या स्वीडन, परवा १९२० सालची मूक फिल्म. प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात, मागचं काही हाताशी येत नाही.

म्हणून धागा. एका सिनेमातली एक गोष्ट पकडायची, एखादा विषय, एखादा नट, कॅमेरामन, काहीही, आणि तिच्यामागून पुढच्या सिनेमाकडे जायचं. तीन-चार धागे देतो, त्यातला एकच निवडा.

लहान मुलांचा धागा. मराठी माणसाला सगळ्यात सोपा जातो तो हाच. 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) पासून सुरुवात करा, चोरीला गेलेली सायकल शोधत रोममध्ये फिरणारा बाप आणि त्याचा मुलगा. सत्यजित राय १९५० साली नोकरीच्या निमित्ताने लंडनला गेले होते तेव्हा त्यांनी हा सिनेमा पाहिला आणि आपला सिनेमा असाच, खऱ्या जागी, नवख्या लोकांना घेऊन करायचा हे त्यांचं पक्कं झालं. म्हणून दुसरा 'पथेर पांचाली' (१९५५). तिसरा फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोंचा 'द फोर हंड्रेड ब्लोज' (१९५९), चौथा इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस' (१९८७): चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत द्यायला दुसऱ्या गावी निघालेला मुलगा, बास, एवढीच गोष्ट आणि ८३ मिनिटं श्वास अडकून राहतो. हे चार झाल्यावर आपला 'किल्ला' परत बघा. त्याला २०१४ च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या ज्युरीने क्रिस्टल बेअर दिला होता. आधी पाहिलेला असला तरी आता त्यात वेगळ्या गोष्टी दिसतील.

नटाचा धागा. ताकाशी शिमुरा हे नाव लक्षात ठेवा. दिग्दर्शक कुरोसावांच्या 'राशोमॉन' (१९५०) मधला लाकूडतोड्या तोच, 'इकिरू' (१९५२) मधला कॅन्सर झालेला नगरपालिकेतला विभागप्रमुख तोच, 'सेव्हन सामुराय' (१९५४) मधला म्होरक्याही तोच, आणि त्याच १९५४ साली आलेल्या पहिल्या 'गॉडझिला'मधला शास्त्रज्ञपण तोच. एका माणसाच्या पाठी चार सिनेमे बघितले की त्या काळचा जपानी सिनेमा ओळखीचा होतो, नावं परकी वाटायची थांबतात.

म्हातारे आईबाप आणि मोठी झालेली मुलं, हा तिसरा धागा. अमेरिकेतला १९३७ चा 'मेक वे फॉर टुमॉरो' आणि मग जपानी दिग्दर्शक ओझूंचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). दुसऱ्याच्या लेखनामागे पहिल्याची प्रेरणा होती. याच क्रमाने बघा, उलट नको. 'टोकियो स्टोरी'त सत्तरीचा बाप करणारे चिशू र्‍यू तेव्हा ४९ वर्षांचे होते, हे माहीत असून बघताना विश्वास बसत नाही.

कॅमेरामनचा धागा थोडं रुळल्यावर घ्या. स्वेन निकविस्ट हे स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचे कॅमेरामन, त्यांनीच पुढे रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा 'द सॅक्रिफाइस' (१९८६) टिपला. एकच नजर दोन वेगळ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली कशी वागते ते बघण्यासारखं आहे.

तपासा: तुमच्या धाग्यातले निदान दोन सिनेमे आत्ता, तुमच्या देशात, प्लेच्या बटणासकट आहेत का? दोन असले की पुरे. बाकीचे कुठून मिळवायचे ते शेवटच्या पायरीत आहे.

पायरी ३: नाव, साल आणि दिग्दर्शक, तिन्ही जुळवा

एका सिनेमाला तीन-तीन नावं असतात. मूळ भाषेतलं वेगळं, ब्रिटनमधलं वेगळं, अमेरिकेतलं वेगळं. सर्चमध्ये इंग्रजी नाव टाकून मिळालं नाही तर दिग्दर्शकाच्या नावाने शोधा, बहुतेक वेळा तिथे सापडतं.

उलटी गडबड पण होते, एकाच नावाचे अनेक सिनेमे. 'सोलारिस' १९७२ चा तारकोव्हस्कीचा आणि २००२ चा हॉलिवूडचा. 'ब्रेथलेस' १९६० चा गोदारचा, १९८३ चा अमेरिकन रिमेक. 'नोस्फेराटू' तर १९२२, १९७९ आणि २०२४ असा तीनदा आहे. घाईत भलताच लागतो आणि वीस मिनिटांनी माणूस म्हणतो, हे लोक याला क्लासिक का म्हणतात.

अजून एक, प्रिंट. यूट्यूबवर कुणीतरी चढवलेली 'पथेर पांचाली'ची धुरकट प्रिंट बघून मत बनवू नका. हा आणि त्यातल्या अपूची गोष्ट पुढे नेणारे दोन, अशा तिन्ही सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या, त्यातून जे वाचलं ते वापरून वर्षानुवर्षं खपून २०१५ मध्ये नव्याने दुरुस्त केलेली प्रत आली. दोन प्रिंटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे: पाण्यावरचे किडे, त्यातल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरूणच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, खराब प्रिंटमध्ये हे काही उरतच नाही. रिस्टोअर्ड लिहिलेली प्रत मिळेपर्यंत थांबलात तरी चालेल.

पायरी ४: टीव्ही नीट करून घ्या

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि पाचच मिनिटांचं काम आहे.

पहिलं म्हणजे मोशन स्मूदिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, आजचे टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतात, त्यामुळे सगळं गुळगुळीत, स्टुडिओत शूट केल्यासारखं दिसतं. एलजीत याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये जुन्या सेटवर ऑटो मोशन प्लस आणि नव्यावर पिक्चर क्लॅरिटी. ते ऑफ. तुमच्या टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा की हे आपोआप होतं, नसेल तर सिनेमा किंवा मूव्ही मोड. व्हिविड मोडमध्ये कृष्णधवल सिनेमा निळसर आणि भगभगीत दिसतो, तो कधीच नको.

दुसरं, चौकट. १९५३ च्या आधीचे जवळपास सगळे सिनेमे चौकोनाच्या जवळ जाणाऱ्या आकाराचे आहेत. म्हणजे दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणार, आणि ते दिसलेच पाहिजेत. पूर्ण स्क्रीन भरावी म्हणून झूम किंवा स्ट्रेच केलंत तर एकतर माणसांची डोकी कापली जातात नाहीतर सगळे जाडे दिसतात.

तपासा: सिनेमात सायकल किंवा बैलगाडी बाजूने दिसली की तिचं चाक बघा, ते गोल आहे की लंबगोल. लंबगोल असेल तर सेटिंग चुकलंय.

आवाजाचं म्हणाल तर जुने सिनेमे मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या आवाजाचे आहेत, साउंडबारवरचा सराउंड इफेक्ट बंद करा, नाहीतर संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात. सबटायटल्सचा आकार शक्य असेल तिथे मोठा करा, आणि घरी वयस्कर कुणी बरोबर बसणार असेल तर खुर्च्या पुढे घ्या. मराठी सबटायटल्स जवळपास मिळतच नाहीत, इंग्रजी वाचतच बघावं लागतं हे आधीच मान्य करून टाका.

आणि जुना इटालियन सिनेमा लावल्यावर ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून ॲप पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. इटलीत त्या काळी बहुतेक सिनेमांचा आवाज नंतर स्टुडिओत भरायचे, मूळ भाषेतही थोडं पुढेमागे होतंच.

पायरी ५: आता ट्रायल, पण दिवस बघून

नव्या माणसाला बहुतेक वेळा सात दिवसांचा फुकट ट्रायल मिळतो. तो सोमवारी रात्री कंटाळा आला म्हणून सुरू करू नका. असा आठवडा बघा ज्यात दोन संध्याकाळी खरंच मोकळ्या आहेत, शक्यतो शुक्रवारी सुरू करा म्हणजे शनिवार-रविवार लगेच हाताशी येतो.

पैसे कुठून भरता ते लिहून ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे. मुबीच्या साईटवरून घेतलं असेल तर तिथूनच बंद होतं, फोनवरून ॲप स्टोअर किंवा प्ले स्टोअरमधून घेतलं तर त्या स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन बंद करावं लागतं. प्राइम व्हिडिओमध्ये वेगळं चॅनेल म्हणून घेतलं तर ते प्राइमच्या ॲपमध्येच दिसतं आणि तिथूनच बंद होतं. एकाच घरात नवऱ्याने साईटवरून आणि बायकोने प्राइमवरून, असे दोनदा पैसे जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

सावधान: फोनवरून ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. आयफोनवरून ट्रायल घेतला असेल तर तो संपायच्या निदान २४ तास आधी रद्द करावा लागतो, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. भारतात कार्डावरून किंवा यूपीआय ऑटोपेने आपोआप पैसे कटायच्या २४ तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज बघायची सवय लावा.

पायरी ६: पहिल्याच दिवशी जाणाऱ्यांची नोंद करा

ट्रायल सुरू झाला की लगेच सिनेमा लावू नका. आधी अर्धा तास नुसतं हिंडा आणि जे जे बघावंसं वाटतंय ते वॉचलिस्टमध्ये टाका. मग त्यातला प्रत्येक सिनेमा उघडून तो लवकरच जाणार आहे का ते बघा. क्रायटेरियनवाल्यांना दर महिन्याला जाणाऱ्या सिनेमांचा वेगळा विभागच मिळतो.

जे चार-पाच दिवसांत जाणार आहेत त्यातला तुमच्या धाग्यातला एखादा असेल तर तो आधी. बाकीचे गेले तर जाऊ द्यात. "जाणार आहे" या धाकापायी एका रात्रीत दोन सिनेमे ओढणारे लोक मी बघितलेत, दुसऱ्या दिवशी त्यांना पहिल्यातलं काही आठवत नाही. हक्क पुन्हा घेतले की सिनेमे परतही येतात.

प्रवासाला जाणार असाल तर फोनच्या ॲपवर डाउनलोड करून घेता येतं, फक्त लक्षात ठेवा की सिनेमा सेवेवरून गेला की डाउनलोडही उघडत नाही. आणि परदेशात पोचलात की तिथली यादी दिसायला लागते.

पायरी ७: पहिले तीन सिनेमे

नियम साधा आहे, पहिले तीन शंभर मिनिटांच्या आतले, धाग्यातले असोत की बाहेरचे. 'राशोमॉन' ८८ मिनिटांचा, 'बायसिकल थीव्ह्ज' ८९, आन्येस वार्दांचा 'क्लिओ फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन' ९०, बर्गमनचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' ९१, वाँग कार-वाईंचा 'इन द मूड फॉर लव्ह' ९८. कुणालाही वाटावं की क्लासिक म्हणजे लांबच असणार, पण बघा, आपल्या हिंदी सिनेमाच्या इंटरव्हलनंतर थोड्याच वेळात हे संपतात.

सबटायटल्स वाचायची सवयच नसेल, किंवा आई-बाबांबरोबर बघायचं असेल, तर त्याच्याही आधी एक कमी संवादांचा घ्या. 'द रेड बलून' (१९५६) ३४ मिनिटांचा आहे, पॅरिसमधला एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे येणारा लाल फुगा, बोलणं जवळजवळ नाहीच. चॅप्लिन आहेच. जॅक तातीचे सिनेमे, 'माय अंकल' (१९५८) किंवा 'प्लेटाइम' (१९६७), यांच्यात संवाद कानावर पडले नाहीत तरी काही बिघडत नाही, सगळी गंमत डोळ्यांनी बघायची आहे.

'सेव्हन सामुराय' २०७ मिनिटांचा आहे. तो चौथा किंवा पाचवा असू दे, आणि रविवारी दुपारी लावा. त्याला स्वतःचं मध्यंतर आहे, तिथेच चहाला उठा.

पायरी ८: बघताना

वेळ ठरवा. रात्री दहानंतर मंद चालीचा सिनेमा लावून झोप आली तर दोष सिनेमाचा नाही. फोन दुसऱ्या खोलीत, कारण सबटायटल्सवरून नजर दोन सेकंद हलली तरी वाक्य गेलं, हिंदी सिनेमासारखं कानाने पकडता येत नाही.

वेग वाढवून बघू नका. हे मी जरा जोर देऊनच सांगतो, कारण हल्ली ब्राउझरला एक्स्टेन्शन लावून दीडपट वेगाने "संपवणारे" बरेच झालेत. ओझूंच्या सिनेमात माणसं खोलीतून निघून जातात आणि कॅमेरा त्या रिकाम्या खोलीवर थोडा थांबतो, मग एखादं धुराडं, वाळत घातलेले कपडे, मग पुढचं दृश्य. तो थांबलेला वेळ हाच त्या सिनेमाचा अर्धा जीव आहे. शिवाय ओझू घरातले मोठे प्रसंग पुष्कळदा दाखवतच नाहीत, ते दोन दृश्यांच्या मधल्या फटीत होऊन जातात आणि नंतरच्या एखाद्या वाक्यातून कळतं. वेग वाढवलात की ती फटच बुजते, मग वाटतं काही घडलंच नाही.

आधी गोष्ट वाचून बसू नका. दिग्दर्शक, देश, साल एवढं पुरेसं आहे. एकच अपवाद: सिनेमामागे एखादी ऐतिहासिक घटना असेल, जसं 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' (१९६६) मागे अल्जेरियाचा फ्रान्सविरुद्धचा लढा, तर त्या घटनेबद्दल दहा मिनिटं वाचा, सिनेमाबद्दल नाही.

पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत काही कळलं नाही तर ते नॉर्मल आहे. नावं, चेहरे, कोण कुणाचं कोण, हे बसायला तेवढा वेळ जातोच. त्यानंतरही अर्ध्यापर्यंत मन अजिबात लागलं नाही तर खुशाल बंद करा, पण "उरलेलं उद्या" असं करू नका, तुकड्या-तुकड्याने बघितलेला सिनेमा कुठेच पोचत नाही. दोन आठवड्यांनी त्याच दिग्दर्शकाचा दुसरा एखादा लावून बघा. तोही नाही जमला तर त्याला सोडा. सगळे सगळ्यांना आवडलेच पाहिजेत असं कुठे आहे.

पायरी ९: संपल्यावरचा अर्धा तास

सिनेमा संपला की ॲप पुढचं काहीतरी सुचवायला लागतं, ते बंद करा. वहीत किंवा लेटरबॉक्सड या बघितलेल्या सिनेमांच्या नोंदी ठेवायच्या साईटवर तीन ओळी लिहा. अभिप्राय नाही, स्टार तर नाहीच नाही, फक्त कुठलं दृश्य डोक्यात राहिलं, काय कळलं नाही, आणि कुणाचं नाव परत शोधावंसं वाटलं. तिसऱ्या ओळीतूनच तुमचा पुढचा सिनेमा येतो.

वाचायचं ते यानंतर. क्रायटेरियनच्या साईटवरचे निबंध सबस्क्रिप्शन नसतानाही, भारतातूनही वाचता येतात आणि एकेका सिनेमावर फार मन लावून लिहिलेले आहेत. मुबीचं नोटबुक हे ऑनलाइन नियतकालिकही सगळ्यांना वाचायला मोकळं आहे. वाचून झाल्यावर एखादंच दृश्य परत बघा, पूर्ण सिनेमा नाही. त्या एका दृश्यात पहिल्यांदा निसटलेल्या किती गोष्टी दिसतात ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

सावधान: वाचनाचा क्रम उलटा केलात, म्हणजे आधी निबंध आणि मग सिनेमा, तर तुम्ही दुसऱ्याने बघितलेला सिनेमा बघता.

आठवड्याला एक, फार तर दोन. मुबीवर नवे येत राहतात म्हणून रोज बघायचा नाही.

पायरी १०: धाग्यातला पुढचा सिनेमा तिथे नसेल तर

हे होणारच. अशा वेळी टेलिग्रामकडे वळायच्या आधी हे बघा. मोसफिल्म या रशियन स्टुडिओच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर कितीतरी जुने रशियन सिनेमे इंग्रजी सबटायटल्ससह फुकट आहेत. कोरियन फिल्म आर्काइव्हचं जुन्या कोरियन सिनेमांचं यूट्यूब चॅनेलही तसंच, आणि प्रिंट उत्तम. कोरियन सिनेमा म्हणजे गेल्या वीस वर्षांतलाच असं वाटणाऱ्यांनी तिथे एक संध्याकाळ घालवावीच.

भारतात असाल तर वर्षातून एकदा तरी थिएटरमध्ये बघायचं ठरवा. गोव्यातला इफ्फी हा चित्रपट महोत्सव नोव्हेंबरात असतो, पुण्यातला पिफ हा महोत्सव बहुतेक जानेवारीत, दोन्हीकडे आधी नावनोंदणी करावी लागते आणि वेळापत्रक आल्यावर जागा पटकन भरतात. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारखी जुनी फिल्म सोसायटी आहे. तिथे सिनेमानंतर जी चर्चा होते ती घरी मिळत नाही. मोठ्या पडद्यावर चालणारे सिनेमे, 'सेव्हन सामुराय' किंवा 'प्लेटाइम' सारखे, तिथे लागणार असतील तर घरी बघायचे टाळा, थांबा.

सबस्क्रिप्शन चालू ठेवायचं की बंद करायचं

महिना संपायच्या चार दिवस आधी वॉचलिस्ट उघडा. तुमच्या धाग्यातले अजून दोन तरी सिनेमे तिथे बघण्यासारखे असतील तर पुढचा महिना घ्या, नसतील तर निर्धास्त बंद करा आणि दोन-तीन महिन्यांनी परत या. वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसतो, पण तो पहिल्या महिन्यात घेऊ नका, तीन महिने आठवड्याला एक बघणं टिकलं तर मग घ्या. बंद करताना खातं डिलीट करू नका, फक्त सबस्क्रिप्शन रद्द करा, आणि तरीही वॉचलिस्टचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा. रद्द झाल्याचा मेल आला की त्यावरची तारीख बघा, त्या तारखेपर्यंत बघता येत असेल तर लवकर जाणारा एखादा सिनेमा तेवढ्यात उरकून घ्या.